भिंतीपलीकडची चाकं

जंगीर कौरला हरायला आवडत नसे, आणि हरवण्यासाठी तिला शेजारी आम्हीच होतो.

आमचे सासरे सख्खे भाऊ. वाटण्या झाल्या, अंगणातून मधोमध भिंत आली, आणि आम्ही एकमेकांचे शरीक झालो. शरीक म्हणजे भाऊबंदच, पण असे, की त्यांच्या घरी तूप कढलं की आपल्या डोळ्यांत धूर जातो. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून पुरुषांची बोलणी केव्हाच बंद झाली होती. बायकांचं तसं चालत नाही. विरजण, वाटीभर मीठ, कोणाच्या मरणाची बातमी हे भिंतीवरून जात-येत राहिलं. ती वयाने मोठी, म्हणून मी तिला भैनजी म्हणे.

तिचा नवरा लाभ सिंह ट्यूबवेलच्या मोटारीला चिकटून गेला तेव्हा तिचा मुलगा कंवल नुकता शाळेत जायला लागला होता. सगळ्यांना वाटलं, आता ही जमीन ठेक्याने देईल आणि माहेरी जाईल. आमच्या सासऱ्यांना तर तसं वाटण्यात थोडा रसही होता. ती गेली नाही. फावडं घेऊन स्वतः पाण्याच्या पाळीला उभी राहिली, म्हशी वाढवल्या, पोराला वाढवलं, आणि बिघाभरही जमीन विकली नाही. ह्या सगळ्याला बळ कुठून आलं असं कोणी विचारलं, तर मी म्हणेन, भिंतीपलीकडून. आम्ही काय केलं हे बघायचं आणि त्याच्यापुढे एक पाऊल टाकायचं. आमच्या छतावर फुटबॉलच्या आकाराची पाण्याची टाकी बसली, तर त्याच हंगामात तिच्या छतावर सिमेंटचं विमान आलं, पंख-शेपटीसकट.

"फुटबॉल पोरं खेळतात, सुखपाले," ती भिंतीवरून मला म्हणाली, "विमानात माणसं बसतात."

मला हसू आलं. तीही हसली. वैर पुरुषांचं होतं. आम्हा दोघींना त्यात करमणूक सापडली होती.

मग गाड्या आल्या. माझ्या नवऱ्याने, अजैब सिंहने, एक उंच मोठी गाडी घेतली, तपकिरी. योगायोग असा की कंवलनेही तीच गाडी नोंदवली होती, काळी. आमची आधी आली. तिची आली तेव्हा जंगीर कौरने उंबऱ्याशी मोहरीचं तेल ओतलं, आरशाला लाल धागा बांधला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि तोंड वाकडं केलं.

"अगदी त्यांच्यासारखी दिसते."

"रंग वेगळा आहे, बेबे," कंवल आईला म्हणाला.

"रंग म्हशींचेही वेगळे असतात. म्हैस ती म्हैसच. चाकं तरी मोठी घाल. लांबून कळलं पाहिजे, कोणाची आहे ती."

कंवलला एवढंही सांगायची गरज नव्हती. आमच्याकडची पोरं गाडी घरी आणायच्या आधी चाकांचं दुकान गाठतात. बर्नाल्याच्या रस्त्यावर गोगी टायरवाला आहे, त्याने कंपनीची सतरा इंची चाकं काढून वीस इंची चकचकीत अलॉय बसवली. गाडीच्या कमानीत आता सगळं लोखंडच दिसत होतं. रबर उरलं होतं ते चुन्नीच्या कडेला लावलेल्या गोटापुरतं.

तेव्हा गोगीने हसत हसत सांगितलं होतं, "वीरे, बाहेरचा घेर तेवढाच ठेवावा लागतो. आत लोखंड वाढलं की रबर घटतं. रबरात हवा असते आणि माणूस बसतो तो त्या हवेवर. मग धक्के बसतात म्हणून माझ्याकडे येऊ नकोस."

"धक्के बायकांना बसतात," कंवल म्हणाला. हे त्याने स्वतःच पुढे दहा लग्नांत विनोद म्हणून सांगितलं. जुनी चाकं गोगीलाच देऊन टाकली.

गाडी दिसायची मात्र खरंच देखणी. वरातीत लोक नवरदेवाला सोडून तिच्याशी फोटो काढत. जंगीर कौर पुढच्या सीटवर चुन्नी सावरून ताठ बसे. तिची सून परनीत मागे बसायची. ती मला एकदा म्हणाली, "चाचीजी, रस्त्यात पडलेलं नाणं चाकाखाली आलं तर छापा की काटा ते सांगता येईल." पण मी भैनजींना विचारलं, गाडी कशी चालते, तर उत्तर एकच. "राजासारखी."

मग तिची पाठ दुखायला लागली. आधी तिने म्हशीला दोष दिला, मग पलंगाला, मग सुनेला. मालिश झालं, लेप झाले. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं, त्यातून ती उठली होती, आणि आम्ही सगळ्यांनी ते प्रकरण संपलं असं धरलं होतं. संपलं नव्हतं. ती बिमारी (आमच्याकडे तिचं नाव घेत नाहीत) आता पाठीच्या मणक्यात उतरली होती. शहरातल्या डॉक्टरने फोटो उजेडाला धरून कंवलला दाखवला. मणका आतून पोखरलाय. रोज येऊन विजेचा शेक घ्यायचा, रविवार सोडून. मध्ये अजिबात सोडायचं नाही. मणका खचला तर पाय जातील.

पाय. जंगीर कौरचे पाय. बाकी काहीही तिने सहन केलं असतं.

शहर लांब नाही, पण रस्ता कालव्याच्या कडेने जातो, त्यावर पूल, पुलाच्या दोन्ही तोंडांशी खचलेली माती, आणि पुढे प्रत्येक गावाने आपापल्या मनाने घातलेले गतिरोधक. कंवलने मागची सीट पाडून गादी घातली, उशा घातल्या. परनीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. आम्ही भिंतीवरून बघायचो: गाडी सकाळी निघायची, दुपारी यायची. तिला उतरवताना ती कोणाचा हात धरू द्यायची नाही. दारात उभी राहायची, श्वास घ्यायची, मग चालत आत.

"कसं आहे, भैनजी?"

"शेकानेच बरं होणार. पोळी होतेय माझी."

परनीत मात्र एक दिवस चुन्नी धुताना थांबली आणि ती मला दाखवली. टोकाला भोकं पडली होती. बारीक बारीक, रांगेने. "दातांची आहेत," ती म्हणाली. "पुलापासून शहरापर्यंत चावते. आवाज काढत नाही."

"कंवलला सांग."

"त्या सांगू देत नाहीत. म्हणतात, गाडीला नाव ठेवलंस तर बघ."

धान मंडीत गेलं तेव्हा कंवलला ढिगाजवळून हलता येईना. बोली लागेपर्यंत ढीग सोडून कोणी जात नाही. गाडीही तिकडेच. परनीत आमच्या दारात आली. मी अजैब सिंहकडे बघितलं. तो किल्ली घेऊन उठला. मीही बरोबर गेले.

तशीच गाडी, तोच रस्ता. जंगीर कौर मागे आडवी, डोळे मिटलेले, चुन्नीचं टोक दातांत. पूल आला तसं तिने सीटची कड घट्ट धरली. गाडी खाली गेली, वर आली. 'दुब' असा जाड आवाज झाला, जणू कोणी रजई खाली टाकली. तिने एक डोळा उघडला. पुढचा गतिरोधक आला. मग आणखी एक. तिने सीटची कड सोडली. वीटभट्टीच्या पुढे मी मागे वळून पाहिलं, तर तोंड उघडं टाकून ती झोपली होती.

परत येताना म्हणाली, "सुखपाले, तुमच्या गाडीत काय घातलंय?"

"काही नाही, भैनजी. कंपनीने दिली तशीच आहे. टायर जाड आहेत, एवढंच."

तिने सीटवरून बोट फिरवून बघितलं. मग म्हणाली, "सीटा जरा मळक्या ठेवता."

संध्याकाळी कंवलचा आवाज भिंतीवरून सरळ आमच्या स्वयंपाकघरात आला. "माझी गाडी काय मेली होती? मंडीत लोक विचारतात, तुझी बेबे शरीकांच्या गाडीतून कुठे चालली होती? काय सांगू?"

"मी कुठे गेले रे? ह्या पोरीने बसवलं," जंगीर कौर म्हणाली. "मी तर तुझीच वाट बघत होते."

परनीतने तो आळ गिळला. पण रात्रीचं जेवण झाल्यावर तिने नवऱ्यापुढे ती भोकं पडलेली चुन्नी ठेवली. कंवल उठून बाहेर गेला आणि अंगणात गाडीत जाऊन बसला. चावी न लावता, दिवा न लावता. हे तिनेच मला सांगितलं. "रागावला होता का?" मी विचारलं. ती म्हणाली, "रागावला असता तर मला कळलं असतं काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी त्याने टायरांतली हवा कमी केली. थोडा फरक पडला. कंवलने आणखी कमी केली. पण गोटाएवढ्या रबरातून काढणार तरी किती? वीटभट्टीजवळच्या एका खड्ड्यात रबर पूर्ण दबलं आणि लोखंड रस्त्यावर आपटलं. रिम वाकला, हवा फुस्स झाली. भट्टीवरच्या मजुरांनी खाट आणून दिली, तिच्यावर जंगीर कौरला निजवलं, रस्त्याच्या कडेला, धुराच्या खाली. जाणारे-येणारे ट्रॅक्टर थांबवून विचारत, "बेबेला काय झालं?" त्या दिवशीचा शेक चुकला.

कंवल गोगीकडे गेला. "जाड टायर दे. सगळ्यात जाड."

गोगीच्या दुकानात ते होते. चिखलात, दगडांत चालवायचे, बोटभर खोल खाचांचे. ते बसतील असा लहान रिमही होता. "ह्याच्याहून जाड रबर पंजाबात नाही," तो म्हणाला. खोटं बोलला नाही. पण ते रबर माणसाला जपण्यासाठी जाड केलेलं नव्हतं, दगडाला टक्कर द्यायला केलेलं होतं. बाजू लाकडासारख्या कडक. कंवलने अंगठ्याने दाबून बघितलंही नसेल. त्याला जाड हवं होतं, आणि जाड म्हणजे मऊ, असं त्याने धरलं होतं.

गाडी आता आणखी वीतभर उंच झाली होती. बेबेला उचलून चढवावं लागलं. नितळ डांबरावरही घूं घूं आवाज, आणि त्या आवाजाबरोबर सगळी गाडी थरथरत राहिलेली, बसलेल्याची हाडं न् हाडं. पूल आला, आणि जंगीर कौर किंचाळली.

आजवर कोणी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. कंवलने गाडी थांबवली, खाली उतरला, आणि कालव्याकडे तोंड करून उभा राहिला. परनीत म्हणाली, पाठ तेवढी दिसत होती, आणि ती हलत होती.

"चल ना," आतून बेबेच म्हणाली. "काय, पाणी मोजतोयस?"

त्यानंतर तिने जायचं नाकारलं. कारण सांगताना म्हणाली, आता बरं वाटतंय, दिवाळी तोंडावर आहे, घर सारवायचंय. कंवलने तिला हात जोडले. मग पुन्हा गोगीकडे गेला. आपली जुनी चाकं दे. ती कुठून असणार? पोरांनी काढलेली चाकं हरियाणाचा एक माणूस टेम्पो भरून नेतो. गोगीने लुधियान्याला फोन लावला. मिळतील, पण दिवाळीनंतर, आठवडा लागेल. "इकडे ती साइझ मागतंच कोण, वीरे," तो ओशाळून म्हणाला. "मी ठेवत नाही."

अजैब सिंहला हे मी सांगितलं. तो दाढीवरून हात फिरवत उठला, अंगणात आमच्या गाडीपाशी गेला, टायरला पायाने ढोसून परत आला. "चाकं तीच. नट तेच. माझ्या गाडीची काढून त्याच्या गाडीला लावायची, झालं. परनीतला सांग."

"तू सांग की कंवलला."

"मी कसं सांगू?"

खरंच, तो कसा सांगणार होता? पंधरा वर्षं ते दोघे एकमेकांना बघून चष्मा पुसत होते. मी परनीतला सांगितलं, तिने नवऱ्याला. कंवलने आईकडे पाहिलं. जंगीर कौर खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "शरीकांच्या चाकांवर जाऊ दवाखान्यात? तिरडीला खांदा द्यायला येणारच आहेत की ते. तेवढी घाई कशाला?"

मग मीच गेले. सरसोंचा साग, म्हणजे मोहरीच्या पानांची भाजी, नेला, तिला माझ्या हातचा आवडायचा, हे ती कधी म्हणाली नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. आमच्या भिंतीकडे.

"समजवायला आलीस की बघायला?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"बघ मग."

"भैनजी, डॉक्टर म्हणालाय ना, मध्ये सोडू नका. चार चाकंच आहेत. आठ दिवसांनी आणून टाका परत."

"गाव आठ दिवस बघेल."

"गावाला कळणारही नाही. गाडी तुमचीच, काळी."

"तुमची अंगणात विटांवर उभी असेल ना? छतावर चढून सगळं गाव बघेल, जंगीरोने काय उचलून नेलं ते." मग ती थांबली. आवाज बारीक झाला. "ती मोठी चाकं मीच घालायला लावली होती, सुखपाले. पोरगा म्हणेल, बेबेने सांगितलं ते चुकलं. तो सगळं माझ्या सांगण्यावर करतो. जमीन, लग्न, सगळं. एक चुकलं म्हटलं की मग किती मोजायचं?"

"तो काही म्हणणार नाही."

"नाही म्हणणार, हेच तर." तिने भाजीचं भांडं जवळ ओढलं, वास घेतला. "मीठ कमी आहे. जा आता. लुधियान्याची चाकं आली की जाईन. माझ्या पोराच्या गाडीला माझ्या पोराची चाकं."

मी काय करणार होते? तिला ओढून न्यायचं? घरी आले. अजैब सिंहने मान वर करून पाहिलं, मी मान हलवली, आणि तो पुन्हा म्हशीला चारा घालायला लागला. त्या दिवसांत तो रोज संध्याकाळी आमची गाडी धूत असे. एरवी कधी धुवायचा नाही.

दिवाळी झाली. जंगीर कौरने खाटेवरूनच दिवे कुठे लावायचे ते ओरडून सांगितलं आणि विमानाच्या पंखांवरही लावायला लावले. भाऊबीजेच्या सकाळी ती धार काढताना बघायला म्हणून उठली, आणि उठली तिथेच बसली. घसरले, म्हणाली. परनीतने उभं केलं. पाय खाली लागत होते, पण ते लागलेत हे तिला कळत नव्हतं. "कोणाचे पाय आहेत हे?" तिने विचारलं, थट्टा केल्यासारखं. कोणी हसलं नाही.

कंवल आमच्या फाटकातून आत आला. लहानपणी चेंडू न्यायला आला असेल, त्यानंतर पहिल्यांदा. पगडी नीट बांधलेली नव्हती.

"चाचा," तो म्हणाला, "चाकं दे."

अजैब सिंहने जॅक आधीच बाहेर काढून ठेवला होता. किती दिवस ठेवला होता कोण जाणे. दोघं कामाला लागले. एक नट सैल करायचा, दुसरा विटा सरकवायचा. आमच्या गाडीची चारही चाकं निघाली, गडगडत भिंतीला वळसा घालून त्यांच्या अंगणात गेली. छतांवर माणसं चढली होती, जंगीर कौरने सांगितलं होतं तशीच. पण कोणी काही बोललं नाही. गावालाही कधी कधी कळतं.

तिला उचलून आत ठेवलं. परनीत पायांशी बसली, मी डोक्याशी. कंवल हळूहळू निघाला, पूल आला तसा जवळजवळ थांबलाच. गाडी खाली गेली, वर आली. तो जाड, दबका 'दुब'. कंवल आरशातून आईकडे बघत होता.

"बेबे, लागलं?"

"नाही."

पुढे गतिरोधक. "आता?"

"नाही रे. लोण्यावरून चाललीये."

त्याचा चेहरा मोकळा झाला. गेल्या कित्येक आठवड्यांत तो एवढं बोलला नव्हता. "मी म्हणत होतो ना! रबर पाहिजे, रबर. हा बघ, हा बघ खड्डा येतोय, ह्याच्यात रिम गेला होता. कळला? काही कळलं?"

"काही कळलं नाही."

"चाचाची चाकं आधीच मागायला पाहिजे होती. आता रोज असंच नेतो तुला. शेक पूर्ण करू. चालशील बघ."

परनीतचा हात सासूच्या पायावर होता. ती दाबत होती, आधी तळवा, मग घोटा. मग तिने अंगठ्याच्या नखाखाली आपलं नख खुपसलं, चांगलं जोरात, पांढरं पडेपर्यंत, आणि जंगीर कौरच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावर काहीच उमटलं नाही. परनीतने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर बघायला लागले, कारण कुठेतरी बघायला हवं होतं.

वर पाठीत काय होत होतं ते जंगीर कौरलाच ठाऊक. पण डोळे तिचे उघडे होते आणि सुनेचं ते नख तिने पाहिलं होतं. मी पाहिलं तिला पाहताना. तिने शाल ओढली आणि पायांवर, परनीतच्या हातासकट, नीट पांघरली.

"हळू घेऊ का आणखी, बेबे?" पुढून कंवलने विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली. "घे तुला हवी तशी."